आठ दिवसांनी निघते

वसमतच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा माय हळदीच्या अडतीवरून तशीच धावत आली. निवडणी करून तिची बोटं पिवळी झालेली. सगळी वस्ती मला जयभीम करायला जमली होती. शिकायला जर्मनीला चाललेली आमच्यातली मी पहिलीच. माय एवढंच म्हणाली, "मागं पाहू नको, लेकरा. पाय निघत न्हाई मग." मी पाहिलं नाही. ते १९७३ साल.

तिथं लॅबमध्ये मी स्फटिक थंड करायची. खूप थंड केला की काही स्फटिकांतले इलेक्ट्रॉन सुटे वागत नाहीत, सगळे मिळून एक लाट धरतात. लेसरच्या झटक्यानं ती लाट मोडायची आणि ती किती वेळात पुन्हा जुळते ते मोजायचं, हे माझं काम. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख; इतक्या बारीक वेळात सगळा खेळ.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीची, शांताची तार आली. माय फार आजारी, लगेच ये. त्याच सकाळी चार महिन्यांच्या खटपटीनंतर चांगला स्फटिक थंड झाला होता. पुन्हा गरम झाला असता तर तडकला असता. प्रोफेसर म्हणाले, जायचं तर जा. मला कुणीही अडवलं नाही. मीच उलट तार केली: आठ दिवसांनी निघते.

मी पोचले तेव्हा माय जाऊन तीन दिवस झाले होते.

शांतानं पाणी दिलं. मग विचारलं, "काय मोजून राहिली व्हतीस तिथं?"

मी सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

तिनं रिकामा तांब्या उचलला. "एवढ्याशा वेळासाठी? माय दाराकडं तोंड करून पडली व्हती. गाडी वाजली की म्हणायची, आली व्हय?"

माझी रीडिंग बरोबर निघाली, छापूनही आली. ती चुकली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

तुमच्यातले जे बाहेर गेले, त्यांनीही अशी एखादी तार केली असेल. मागं राहिलेल्यांनी ती वाचली असेल. मी जर्मनीतच स्थायिक झाले. गावी घर आहे, त्यात शांता राहते. मी गेले की ती भाकरी टाकते, शेजारी बसून वाढते, आणि मायचा विषय निघाला की उठून आत जाते. माझं घर म्हणजे आता ती उठेपर्यंतचा तेवढा वेळ.