लाल पाण्याचं भाषण

कर्जत तालुक्यातल्या त्या गावात १९४५ च्या उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली आणि तीन दिवसांत दोन माणसं गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गावच्या विहिरीसाठी लाल औषधाची बरणी पाठवली आणि निरोप दिला, 'लोकांना समजावून मगच टाका.' हे काम आलं शाळामास्तर दत्तोपंत निसळांकडे.

दत्तोपंत नगरला शिकलेले. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेले. रोग कुठून आला, जंतू कसे वाढतात, कुठल्या देशात किती माणसं मेली, असं सगळं त्यांनी अकरा पानांत लिहून काढलं. चावडीपुढे पन्नासेक माणसं जमली. मास्तर तिसऱ्या पानावर असताना छगन नावाचा तरणा शेतकरी उठला.

"मास्तर, औषिदानं पानी लाल का हुतं?"

"ते पुढे येणार आहे. आधी बसून घे."

छगन बसला नाही, निघून गेला. त्याच्यामागं आणखी दहाबारा जण उठले. हळूहळू बाकीचेही पांगले, आणि शेवटच्या पानाशी पुढ्यात पाटील आबासाहेब आणि चार म्हातारे उरले होते.

दुपारी दत्तोपंत बरणी घेऊन विहिरीवर गेले, तर तिथं काठ्या घेऊन माणसं उभी. पुढं छगन.

"सरकारचं रगात आमच्या हिरीत पडायचं न्हाई. मागं फिरा."

आबासाहेबांनी मास्तरांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. "आत्ता नको. डोकी फुटतील."

परतताना गोजरबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात रडारड ऐकू आली. तिची सून सकाळपासून आजारी होती, ती नुकतीच गेली होती. दत्तोपंत दाराशी थांबले.  म्हातारी त्यांच्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, तुमी लई बोलला. पन नातीला कंचं पानी पाजू, येवडंच मला इचारायचं हुतं."

अकरा पानांत ते कुठंच नव्हतं.

"मळ्यातल्या विहिरीचं आणा. उकळून, निवलं की पाजा," ते म्हणाले. मग घरी न जाता ते दारोदार हिंडले. कुणाला समजावायचं नाही, फक्त विचारायचं: भीती कशाची वाटते? कुणी म्हणालं रक्त, कुणी म्हणालं विष, कुणाला गुरांची काळजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चावडीवर गेले नाहीत. बायका पाणी भरायच्या वेळी विहिरीपाशीच उभे राहिले, हातात कागद नव्हता, फक्त बरणी होती. काठ्या तिथंच होत्या.

"पाणी लाल होईल," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "रंग औषधाचा आहे, रक्ताचा नाही. उद्यापर्यंत जाईल. तोवर या विहिरीचं पाणी काढू नका. मळ्यातलं आणा, उकळून प्या. रंग गेला की आधी मी पिईन, मग तुम्ही."

 छगननं विचारलं, "आन गुरं? गाभन गाईला चालंल?"

 'हो' म्हणणं सोपं होतं.

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "आज कर्जतला जाऊन विचारून येतो. तोवर गुरं ओढ्यावर न्या."

छगननं मागं वळून बाकीच्यांकडं पाहिलं.  मग काठी विहिरीच्या कठड्याला टेकवून तो बाजूला झाला.

"टाका. पन रातच्याला परत या."

औषध टाकून ते कर्जतला गेले आणि दिवस मावळायच्या आतच डॉक्टरांचं उत्तर घेऊन परतले: रंग गेला की गाभण गाईलाही चालेल. त्यानंतर गावात आणखी एक जण दगावला, मग कुणी नाही.

पुढच्या महिन्याभरात त्यांना शेजारच्या चार गावांनी बोलावलं. प्रत्येक ठिकाणी ते एक दिवस आधी पोचायचे आणि बायकांना, गुराख्यांना विचारत फिरायचे. तीन गावांनी औषध टाकू दिलं. चौथ्यानं नाही. तिथं सहा माणसं गेली, आणि आपल्याकडून काय विचारायचं राहिलं, हे दत्तोपंतांना कधीच कळलं नाही.