खुर्दच्या दोन खेपा

त्या दुष्काळात मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत टँकरच्या टेबलावर होतो. रोज सकाळी टँकरच्या ड्रायव्हरांसाठी गावनिहाय खेपांच्या चिठ्ठ्या काढायच्या. हाताने लिहायला पावणेदोन तास लागत. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुस्तक समोर ठेवून मी त्यासाठी संगणकावर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की चिठ्ठी छापून येई. त्या ओळीत दोन स्विच होते. आडवी रेघ आणि एक अक्षर लिहिले की पुढे गावाचे नाव, दुसरे अक्षर लिहिले की पुढे खेपांचा आकडा. चिठ्ठ्या वीस मिनिटांत होऊ लागल्या.

शेजारच्या टेबलावरच्या बाई ओळी टाइप करत. त्या म्हणायच्या, "भाऊ, लातूर तोडून नवा जिल्हा, नवा जिल्हा म्हणून राहिलेत सगळे. झाला तर तुमच्या ह्या खिडकीला तिकडंच बदली द्या."

आठवडाभराने एका सोमवारी खुर्दच्या सरपंचबाईंचा फोन आला. त्यांच्या गावाला त्याच दिवसापासून टँकर मंजूर झाला होता. शेजारीच त्याच नावाचे बुद्रुक आहे.

"साहेब, आमचं पाणी बुद्रुकात गेलं की! चार खेपा झाल्या तिथं, त्यांच्या दोन अन् आमच्या दोन. आम्ही सकाळधरनं हंडे मांडून बसलो. प्यायाला थेंब न्हाई."

मी बेरीज पाहिली. एकतीस खेपा मंजूर, एकतीस गेल्या. मी रोज एवढेच ताडून पाहत असे.

आधी हाताने खुर्दच्या दोन चिठ्ठ्या लिहून टँकर काढला. मग दार लोटून बसलो. चूक माझीच होती, तरी ती झाली कशी हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. स्क्रिप्टच्या हातात नेमके काय पडते ते तिलाच छापायला लावले. नावाच्या स्विचला गावाच्या नावातला फक्त पहिला शब्द मिळाला होता. त्यापुढे मोकळी जागा आली, तिथे नाव संपले असे तिने धरले. 'खुर्द' हा शब्द सुटा उरला होता, आणि उरलेल्याचे काय करायचे हे मी तिला सांगितलेच नव्हते. तिने तो मुकाट्याने टाकून दिला. मग यादीत त्या नावाचे जे पहिले गाव सापडले, ते बुद्रुक.

म्हणजे आठवडाभर बुद्रुकच्या चिठ्ठ्या निव्वळ योगायोगाने बरोबर निघत होत्या! हे कळल्यावर मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिले की ते एकच धरले जाते. पण घाईत ती चिन्हे राहणारच. म्हणून एक शब्द जरी सुटा उरला तरी चिठ्ठी न काढता थांबायचे, अशी अट घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीने नाव तसेच टाइप केले. चिठ्ठी आली नाही.

"अडली की भाऊ तुमची खिडकी!"

"अडू द्या. नावाच्या दोन्ही बाजूंना चिन्ह द्या."

चिठ्ठीवर 'खुर्द' उमटले. बेरीज जुळली तरी मी त्या दिवशी गाव न् गाव वाचून काढले.

अकराला सरपंचबाईंचा फोन आला. दुसरी खेप नुकतीच रिकामी झाली होती.

"पोचलं साहेब. पण लई गढूळ हाय. कुठल्या विहिरीवर भरून राहिलेत हो हे?"

ते मलाही माहीत नव्हते. मी ड्रायव्हरला फोन लावला.