मुशीचं तेल अन् गुळाचा खडा

माझी आई पायाच्या जखमेनं गेली. अंगानं माझ्यासारखीच जाड, सारखी तहान तहान, अन् अंगठा काही भरेना. म्हणून भातलावणीत माझ्या अंगठ्याला लागलं अन् महिनाभर ओलंच राहिलं, तेव्हा मी तडक पौडचा दवाखाना गाठला. लेक अजून अंगावर पीत होती. डॉक्टरांनी लघवी तपासली. म्हणाले, "मधुमेह आहे. साखर बंद."

बंद तर बंद! भरे गावात आमच्या घरी साखर होतीच कुठं? पाहुणा आला तर चिमूटभर. आम्ही गुळाची माणसं.

माझा भाऊ मुंबईला गोदीत. त्यानं मुशी माशाच्या काळजाचं तेल आणलं. "कोळी सांगत्यात, चरबी झडती अन् गोड लघवीबी थांबती." पण माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, पक्क्या माळकरी. म्हणाल्या, "घरात न्हाई. शेरडांच्या गोठ्यात ठेव, तितंच पी."

काय तो वास, अगं बाई! शेरडंसुद्धा मागं सरायची. मी नाक दाबून चमचाभर प्यायची. आत्याबाई पदर नाकाला लावून दाराबाहेर उभ्या, अन् हात लांब करून माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायच्या. कडू औषधावर गूळ द्यायचाच, ही आमची रीत. जशी त्यांना माझी काळजी जास्त वाटू लागली, तसा खडाही वाढला.

जखम मात्र चिघळली. पुन्हा पौड, संगती आत्याबाई. डॉक्टर म्हणाले, "या तेलानं साखर उतरते असं मला काही ठाऊक नाही. त्यावर काय खाता?"

"गूळ देती की मी!" आत्याबाई कौतुकानं बोलल्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, गूळ म्हणजेही साखरच!"

डॉक्टरांनी सुई टोचली, अन् रोज टोचून घ्यायला सांगितली. परतताना आत्याबाई ओढ्याशी मटकन बसल्या. "माझ्याच हातानं इख चारलं गं तुला."

"तुमास्नी तरी काय ठावं?" मी म्हणाले. मला त्यांची लई कीव आली.

दुसऱ्या दिवशी गूळ नव्हता, पण तेल सोडायची हिंमत होईना. तेल तोंडाशी नेलं की उमासा यायचा. आईचा पाय डोळ्यापुढं येई, तरी घोट उतरेना. तेवढ्यात आत्याबाई आत शिरल्या अन् त्यांनी बाटली उचलून चमचा भरला.

"आत्याबाई, माळ हाय गळ्यात!"

"माळ माझी हाय. मी बघीन. तू तोंड उघड." अन् माझं तोंड त्यांनी पदरानं पुसलं.

दिवाळीपर्यंत जखम सुकली. गूळ सुटल्यानं की दवाखान्याच्या सुईनं, देव जाणे. भाऊ अजून तेलाचाच गुण सांगतो. त्या पदराचा वास मात्र धुऊनही जाईना, अन् तेच लुगडं नेसून आत्याबाई रोज देवापुढं बसायच्या.