पिवळं फडकं

बिबवेवाडीतल्या त्या वाद्यांच्या दुकानात मी शिरलो, तेव्हा कंपनीचं आयकार्ड गळ्यातच होतं. "पाच तारांची बेस गिटार हवी आहे. बजेट वीस हजार," मी ऐटीत सांगितलं.

काउंटरमागच्या म्हाताऱ्या मालकांनी मानही वर केली नाही. "बजेट कळलं. वाजवता काय आपण?"

"शिकणार आहे."

"वा!"

त्यांनी दोन गिटारी काढल्या, त्यांवरची कंपन्यांची नावं पिवळ्या फडक्यांनी झाकली आणि डोळे मिटून दोन्हींची सर्वांत जाड तार छेडली. पहिलीचा आवाज थेट पोटात घुमला. दुसरीची तार नुसती फडफडली.

"पहिली," मी लगेच म्हणालो.

"कान बरा आहे की."

फडकी निघाली. पहिली बारा हजारांची, तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. दुसरी बरोबर वीसची, तिचं नाव आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी. मी घसा खाकरून दुसरीकडे बोट दाखवलं.

त्यांनी ती बांधून दिली आणि वर एक फडकं ठेवलं. "अहो, हेही न्या. गिटार भिंतीवर टांगली की धूळ बसते."

काय हा उद्धटपणा! मी घरापर्यंत तणतणत आलो.

फडकं अजून टिकून आहे. दर रविवारी गिटार त्यानंच पुसतो.