साहेबांची हजेरी लागली होती

अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला, मग आमच्या साहेबांचं नाव घेतलं. कॅमेरा त्यांच्या जागेकडे वळला. जागा रिकामी होती. अध्यक्षांनी पुन्हा एकदा नाव घेतलं, दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि पुढचा प्रश्न पुकारला.

नागपूरच्या आमच्या ऑफिसात टीव्हीसमोर सात-आठ माणसं बसली होती.

"झालं का मॅडम?" रत्नमालाने विचारलं.

"झालं."

"पण काय झालं?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दिल्लीला फोन लावला.

मी एका खासदारांच्या मतदारसंघातल्या ऑफिसची प्रमुख होते. पत्रं, शिफारशी, निधीची कामं, रोज येणारी माणसं, सगळं माझ्याकडे. माझा पगार साहेबांच्या खिशातून येत नव्हता. खासदाराला ऑफिस चालवायला सरकारकडून भत्ता मिळतो, त्यातून येत होता. म्हणजे समोर बसलेली माणसंच मला पगार देत होती. हे मी साहेबांना दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. त्यांना ते गमतीचं वाटायचं.

रत्नमालाचा नवरा विलास सावनेरच्या पुढच्या एका गावात शिलाईचं दुकान चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नागपुरात, धंतोलीच्या दवाखान्यात डायलिसिस. एक दिवस त्यात जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिलाई मशीनवर बसवत नसे. म्हणजे आठवड्यातले चार दिवस दुकान बंद. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात केंद्राच्या योजनेतून दोन डायलिसिस मशीन येऊन पडल्या होत्या. पाण्याची यंत्रणा बसली होती, खाटा लागल्या होत्या. फक्त मशीन चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. पदाला मंजुरी कुणी द्यायची यावर दिल्ली मुंबईकडे बोट दाखवत होती आणि मुंबई दिल्लीकडे.

रत्नमाला मला म्हणाली होती, "दिवाळीपर्यंत सुरू झालं त ठीक. नाही त दुकान बंद करून नागपुरात खोली करा लागते मॅडम. मंग हे गाव सुटलं समजा."

म्हणून मी तो प्रश्न लिहिला. संसदेत प्रश्न दोन प्रकारचे असतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर कागदावर येतं, तिथेच विषय संपतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला लगेच उपप्रश्न विचारता येतो. खरं काम तो उपप्रश्न करतो. मंत्री सर्वांसमोर "करू" म्हणाले, की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला एक समितीही असते. तारांकित प्रश्नांसाठी चिठ्ठ्या निघतात. रोजच्या यादीतल्या वरच्या चार-पाच प्रश्नांनाच तासाभरात वेळ मिळतो. आमचा तिसरा आला. लॉटरी लागावी तसा आनंद मला झाला होता.

मंत्री काय म्हणणार हे मला माहीत होतं: आरोग्य हा राज्याचा विषय. म्हणून मी उपप्रश्न तयार करून दिला. मशीन केंद्राची, मग माणसाची मंजुरी कोण देणार आणि कोणत्या महिन्यापर्यंत? दोन ओळी. साहेबांना फोनवर वाचून दाखवल्या. "एकदम बढिया," ते म्हणाले. त्या भरवशावर मी रत्नमाला, विलास आणि गावातल्या आणखी काही रुग्णांना टीव्ही पाहायला बोलावलं होतं.

दिल्लीत साहेबांचे पीए तिवारीजी होते. त्यांनी फोन उचलला.

"मॅडम, साहब तो सुबह से यहीं हैं."

"यहीं म्हणजे कुठे? सभागृहात तर नाहीत!"

"बाहेर. नागपूरचे पाहुणे आले ना, व्यापारी मंडळी. संसद दाखवून राहिले त्यांना. फोटो चल रहा है."

"तिवारीजी, प्रश्न गेला."

"काहून गेला? हाजरी तो लगी है."

त्या वेळी हजेरीची नोंद सभागृहाबाहेर लॉबीत होत असे. नोंद झाली की दिवसाचा भत्ता लागू. आत बसणं हा वेगळा विषय. तिवारीजी खोटं बोलत नव्हते. साहेबांची हजेरी लागली होती.

मी फोन ठेवला आणि जे घडलं ते तसंच सांगितलं. साहेब पाहुण्यांसोबत होते, म्हणून प्रश्न गेला. विलास भिंतीला टेकून बसला होता. तो हळूच उठला आणि बायकोला म्हणाला, "चाल वं. गाडी निघून जाईन."

शनिवारी साहेब नागपूरला आले. अधिवेशनातल्या कामगिरीचं पत्रक मतदारांना वाटायला छापायचं होतं.

"लिहा मॅडम. हजेरी काढा, प्रश्न किती ते काढा. आणि वर मोठ्या अक्षरात, डायलिसिसचा प्रश्न संसदेत गाजवला."

"गाजवला नाही, साहेब. नाव पुकारलं तेव्हा तुम्ही जागेवर नव्हता."

"प्रश्न माझ्या नावावर आहे का नाही?"

"आहे."

"उत्तर आलं का नाही?"

"लेखी आलं. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, असं."

"मग? अरे यार, खोटं काय आहे त्यात?"

"उपप्रश्न राहिला. लोक टीव्हीसमोर बसले होते."

"लोक विसरतात, मॅडम. बरं, मतदानाचा पण एक रकाना टाका. शंभर टक्के लिहा."

"कशाचे शंभर?"

साहेब हसले. त्यांना उत्तर माहीत होतं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. बाजूचे "हो" म्हणतात, विरुद्ध असलेले "नाही" म्हणतात, अध्यक्ष आवाजावरून निर्णय देतात. कोण काय म्हणालं, किंवा कोण गप्प बसलं, याची नावानिशी नोंद राहत नाही. कुणी मतविभाजन मागितलं तरच नावं नोंदली जातात. तुमच्या खासदाराने बहुतेक कायद्यांवर काय मत दिलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. याची चीड मला आजही येते. आपण बोटाला शाई लावून मत देतो आणि आपल्या नावाने दिलेल्या मताचा पत्ता नसतो.

मी तो मजकूर लिहायला नकार दिला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी तो दुसऱ्याकडून लिहून घेतला. पत्रक चकचकीत कागदावर छापलं गेलं आणि त्याच ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात त्याचं वाटप ठरलं. सोबत रुग्णांना फळवाटप. आपल्याकडे फळवाटपाशिवाय आजाऱ्याची सेवा झाली असं कुणी मानत नाही.

फळं कार्यकर्त्यांनी आणली. मला विचारलं नाही. करंड्या उघडल्या तेव्हा मी मागे उभी होते. केळी आणि संत्री.

समोरच्या रांगेत डायलिसिसचे रुग्ण बसवले होते. साहेबांनी पहिली पिशवी विलासच्या हातात दिली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या, खा, ताकद येईल."

रत्नमालाने पिशवी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली.

"साहेब, यायले केळं चालत नाही. संत्रंही चालत नाही."

"एखादं खाल्लं तर काय होते?"

"हृदय बंद पडू शकते साहेब. किडनीवाल्याच्या अंगात पोटॅशियम साचते. धंतोलीचे डॉक्टर पयल्या दिवशी सांगतात." मग तिने हातातलं पत्रक वर धरलं. "तुमी याच्यात लिवलं का डायलिसिसचा प्रश्न गाजवला. आमी टीव्हीवर पायलं. खुर्ची दिसली, तुमी नाही दिसले. कोनाले इचारला मंग प्रश्न? निदान हे त इचारून घेतलं असतं, का यायले काय चालते!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आता सफरचंद आना गा, साहेब!" लोक हसले. पत्रकारांचे मोबाईल सुरूच होते. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, पुढच्या अधिवेशनात मी स्वतः बोलतो." गाडीत बसताना मला म्हणाले, "तुम्ही शिकवून आणलं का तिला?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "तिला शिकवायला माझ्याकडे काही नाही."

पुढच्या अधिवेशनात ते खरंच बोलले. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायला मिळणाऱ्या वेळात. मिनिटभरच बोलले, पण माझ्या त्याच दोन ओळी वाचल्या. नंतर मी मंत्रालयाला पत्रावर पत्र धाडत राहिले. तंत्रज्ञाचं पद मंजूर झालं, माणूस आला, मशीन सुरू झाल्या. आज तिथे चार-पाच गावांचे लोक जातात. साहेबांच्या त्यानंतरच्या पत्रकात तिथला फोटो आहे.

त्या फोटोत विलास नाही. दिवाळी तोवर होऊन गेली होती. दुकान दुसऱ्याला देऊन दोघं नागपुरात एका खोलीत राहायला आले होते. आता गावाजवळ सोय झाली आहे, पण दुकान गेलं, तर परत जायचं कशासाठी? विलास बसवेल तेव्हा फॉल-पिको करतो. रत्नमाला एका दवाखान्यात साफसफाईला लागली.

त्या अधिवेशनाच्या अधिकृत नोंदीत साहेब त्या दिवशी हजर आहेत. प्रश्न त्यांच्या नावावर आहे, उत्तर मिळाल्याची नोंद आहे, भत्ता नियमात आहे. एकही आकडा खोटा नाही. खोटा आकडा असता तर मी तो पुराव्यासह खोडला असता. खऱ्या आकड्यांचं काय करायचं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नाही.

तेव्हा एक करा. तुमचे खासदार आपलं पत्रक घेऊन दारात आले, की किती प्रश्न विचारले हे पाहू नका. त्यातला कुठलाही एक प्रश्न निवडा आणि त्यांना विचारा, याचं पुढे काय झालं? ज्यांना माहीत असेल ते उभ्या उभ्या सांगतील. बाकीचे पीएकडे बघतील.