डाळिंबाला ताण बसेना

आता काय सांगू तुम्हाला, बायोलॉजी शिकवणाऱ्या बाईनं करू नये ते मी केलंय! हसायचं तेवढं हसा, पण चहा सांडू नका.

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घरी गॅलरीत कुंडीत एक डाळिंब आहे. सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं. ते गेले, पण झाडाला एक फूल येईल तर शपथ! सासूबाई त्याच्याकडं बघून म्हणायच्या, "एक तरी कळी बघून जायला पायजे हुतं की त्यांनी." मला फार वाईट वाटायचं.

म्हटलं, विज्ञान काय नुसतं फळ्यावरच ठेवायचं? आपल्याकडचे डाळिंबवाले बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. तेच कुंडीत करू!

"आई, आजपासून याला थेंबभर पाणी नाही."

"अगं बया! मरंल की ते!"

"नाही मरत. माती वाळली की झाड मुळांत, पानांत ॲबसिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक बनवतं. गाजरात केशरी रंग असतो ना, तसल्याच रंगद्रव्यापासून. ते पानांची बारीक छिद्रं मिटवतं, पाणी जपतं. ताण वाढला की पानं गळतात. मग पाणी दिलं की फुलंच फुलं!"

"म्हंजी तहान लागली की झाड तोंड मिटून बसतंय व्हय? बरं बाई. तू शिकलेली."

पण पान गळेल तर ना! उलट नवी पालवी! बोट खुपसून बघितलं तर माती ओली. नवरा नोकरीला पुण्यात. घरात आम्ही दोघीच. मग उरलं कोण?

"आई, तुम्ही चोरून पाणी घालताय!"

"न्हाय गं!"

"मग मातीला काय घाम फुटला?"

त्यांचे डोळे भरून आले. नंतर आमचं बोलणं जेवणापुरतंच. मी मात्र वर्गात खुशाल सांगत होते, घरातली माणसं हळवी असली की प्रयोग फसतात!

मग एका पहाटे नळाला पाणी आलं. सोलापुरात पाणी काही रोज येत नाही. आलं की अर्धवट झोपेत उठायचं, शिळं पाणी कुंड्यांना ओतायचं आणि ताजं भरून ठेवायचं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. मी कळशी घेऊन गॅलरीत गेले, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"घावला! चोर घावला!"

दचकून बघते तर सासूबाई स्टूल टाकून बसलेल्या. आणि माझी कळशी डाळिंबावर वाकडी, धार चालू!

"आई... म्हणजे मीच?"

"मग काय मी? तवाच म्हनलं, हितं बसून बघायचंच कोन घालतंय ते!"

अहो, लाजेनं मेले मी! तिथंच त्यांचे पाय धरले. त्या मात्र पोट धरून हसत होत्या.

पुढं ताण नीट बसला. पानं गळली, मग पाणी दिलं आणि खरंच लालचुटुक कळी आली! सासूबाईंनी सासऱ्यांचा फोटो भिंतीवरनं काढला, गॅलरीत आणून कळीसमोर धरला.

"बघा, आली की वो कळी," म्हणाल्या. "झाडाला काय बी झालं नव्हतं. सूनबाईला आवरलं, तवा आली!"