विमलताईंचा पूल

लेस्टरला मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले होते. बेलग्रेव्ह रोडवरची साड्यांची दुकाने दोनदा पालथी घालून झाली, आणि एका शनिवारी सकाळी मी लीड्सला निघाले. विमलताईंना भेटायचे होते.

आमच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेणारी पहिली मुलगी म्हणजे विमलताई. मी प्रवेश घेतला तेव्हा त्या इंग्लंडात स्थिरावल्याही होत्या. माझे वडील का-कू करत होते, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना एवढेच सांगितले, "विमलला जमलं, हिला का नाही जमणार?" पुढे तीस वर्षे मी त्याच कॉलेजात शिकवले, पण विमलताईंना पाहिले मात्र कधी नव्हते.

बोलावणे आले ते त्यांची नात माया हिच्याकडून; माझे नाव तिला कॉलेजाकडून मिळाले होते. विमलताईंनी बांधलेला पादचारी पूल तिथले कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, पाडून नवा बांधणार होते. एका इंजिनिअरने हरकतीचे पत्र लिहिले तर उपयोग होईल, असे तिला वाटत होते.

शेफिल्डला गाडी बदलताना मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले आणि एक स्टेशन मागे जाऊन परत आले. लीड्सला माया तासभर ताटकळली होती. "तुमची ट्रेन लेट झाली का, मावशी?" तिने विचारले. चूक माझी होती हे मी सांगून टाकले.

विमलताई दारातच काठी टेकून उभ्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खणखणीत. "सुनंदा ना तू? आधी जेव." थालीपीठ होते आणि सोबत रुबार्बचे (इकडे पिकणारे लालसर, आंबट देठ) लोणचे. चव थेट अंबाडीच्या जवळची.

"इथं आले तेव्हा मला नकाशे गिरवायला बसवलं होतं," त्या सांगू लागल्या. "पदवी होती, पण ती कुणी विचारलीच नाही. एक दिवस या पुलाचा नकाशा आला. रविवारी मी जागा बघून आले. बेकच्या (इकडे ओढ्याला बेक म्हणतात) काठी गिरणीच्या भिंतीवर पुराची रेघ होती. नकाशातला पूल त्या रेघेच्या खाली."

"मग?"

"साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुझं काम गिरवायचं. मी गिरवलं, आणि वर लाल शाईनं पुराची रेघ काढली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन भिंत बघून आले, आणि म्हणाले, आता नवा नकाशा तूच कर."

दुपारी आम्ही तिघी पूल पाहायला गेलो. हिरव्या रंगाचा, सडपातळ, देखणा पूल. विमलताईंनी कठडा धरला, चार पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. गुडघा पुढे जाईना. मायाने त्यांना खाली आणून बाकावर बसवले.

तेवढ्यात एक तरुण आई आली. कडेवर मूल, दुसऱ्या हाताने बाबागाडी पायरी-पायरीवर आपटत ओढत होती. मी जाऊन पुढची चाके उचलली. वर पोचेपर्यंत मलाच धाप लागली. "रोज असंच चढता?" मी विचारले.

"मोठ्याच्या शाळेला दुसरा रस्ता लांबचा आहे, लव्ह," ती इकडच्या आपुलकीच्या पद्धतीने म्हणाली आणि निघाली.

मी खाली आले तेव्हा विमलताई पायऱ्यांकडे पाहत होत्या.

"माया, ते हरकतीचं पत्र राहू दे."

"पण आजी, हा तुझा पूल आहे."

"मी पाण्याचा विचार केला गं. चाकांचा नाही केला. तेव्हा मी या पायऱ्या पळत चढायचे."

मायाचे डोळे भरून आले. विमलताईंनी तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तशाच बसून राहिल्या.

घरी आल्यावर पत्र लिहिलेच, पण वेगळे. त्यांनी सांगायचे, मी लिहायचे. पूल जरूर पाडा. नव्याला चढ सौम्य ठेवा, मध्ये टेकायला जागा करा आणि पुराच्या रेघेखाली जाऊ नका. सही करताना नावापुढे 'बी. ई. (सिव्हिल)' त्यांनी नीट लिहिले.

परतीच्या गाडीत त्या पायऱ्याच आठवत राहिल्या. तीस वर्षे मी मुलांना पुलावर येणारा भार काढायला शिकवला. त्यावरून कोण जाणार, कुणाच्या कडेवर मूल असेल, हे एकदाही विचारले नव्हते.

मी सांगलीला परतल्यावर काही महिन्यांनी मायाचा फोन आला. नव्या पुलाला पायऱ्यांऐवजी उतार मंजूर झाला होता आणि जुना त्याच सकाळी उतरवला होता. विमलताई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या.

"रडल्या का गं?" मी विचारले.

"नाही, मावशी. क्रेनवाल्याला सांगत होती, दोन्ही टोकं एकदम उचल, नाहीतर वाकेल. आणि त्यानं ऐकलं."